मृगाच्या आत एकदा जुन्या गोठ्यात जा

या रविवारी गावठाणातल्या जुन्या वाड्यावर जा. किल्ली चुलत्यांकडे असेल तर मागून घ्या. कुलूप गंजलं असेल तर दोन थेंब तेल सोडा. ओसरीवर टेकून, जरा वारा खाऊन परत येऊ नका. सरळ मागे जा, गोठ्यात. मान वर करा आणि कौलांकडे बघा. जिथून उन्हाचा कवडसा खाली पडतोय, तिथूनच जूनमध्ये पाणी पडणार आहे. मृगाला फार दिवस उरलेले नाहीत.

हे सांगतोय ते मांजरी, वाघोली, म्हाळुंगे, सूस, बावधन, नऱ्हे, धायरी, आंबेगाव, लोहगाव, उंड्री, पिसोळी, किरकटवाडी, खडकवासला इथल्या घरांना. कधीकाळी गावं असलेल्या आणि आता पत्त्यात नुसतं ‘पुणे’ लिहिणाऱ्या सगळ्यांना. 1997 साली 38 गावं महापालिकेत आली. विरोध झाला, त्यातली काही परत बाहेर गेली. 2017 मध्ये 11 आली. 30 जून 2021 ला आणखी 23. गाव महापालिकेत आलं की रस्ता रुंद होतो, नळ येतो, कर वाढतो. आणि वाड्याच्या मागचा गोठा पडायला लागतो. त्याच्याकडे कुणाचं लक्षच नसतं.

तुमचं लक्ष जाऊ शकतं. म्हणून ही विनंती तुम्हाला.

पुण्यात वाडा म्हटलं की डोळ्यांसमोर शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा येतो, विश्रामबागचा कोरीव सज्जा येतो. तो सरदारांचा आणि पेशव्यांचा वाडा. शेतकऱ्याचा वाडा वेगळा. त्याच्या पुढच्या भागात दिंडी दरवाजा, ढेलज, ओसरी, माजघर. तेवढ्याचे फोटो निघतात. पण त्याची निम्मी जागा माणसांसाठी नव्हतीच. ती बैलांसाठी होती, गाई-म्हशींसाठी, कडब्यासाठी, धान्यासाठी, औतासाठी. पाटील असो की साधा कुणबी, घर बांधताना आधी दावण किती गुरांची याचा हिशेब व्हायचा आणि मग माणसं कुठं झोपतील ते ठरायचं. हा मागचा निम्मा वाडा तुमच्या हातात आहे, आणि तोच सगळ्यात आधी चाललाय.

जरा नीट बघा तो कसा बांधलाय. जोतं काळ्या पाषाणाचं, गुडघाभर उंच. त्यावर गावठाणातल्याच पांढऱ्या मातीच्या भेंड्यांची भिंत, दीड-दोन हात जाड. खांब सागाचे किंवा बाभळीचे, पण एकही खांब जमिनीत गाडलेला नाही. प्रत्येकाखाली दगडाचा तळखडा आहे, म्हणजे शेणामुताची ओल लाकडाला लागणार नाही. दोन खांबांतलं अंतर म्हणजे एक खण. घराचं माप फुटांत नाही, खणांत सांगायचे. पाच खणांचं घर, तीन खणांचा गोठा. जमीन दगडी फरशीची किंवा ठोकून घट्ट केलेल्या मुरमाची, आणि तिला मागच्या नालीकडे हलका उतार. वर कडीपाटाचा माळा. त्या माळ्यावर कडबा भरला की हिवाळ्यात गोठा उबदार राहायचा आणि उन्हाळ्यात कौलांची धग खाली यायची नाही. माळ्याला एक चौकोनी भोक असतं. तिथून पेंढी खाली सोडली की थेट गव्हाणीत. पावसाळी रात्री अंगणात भिजत जाऊन वैरण आणायची गरज नाही. ज्यानं हे आखलं त्याच्याकडे ना नकाशा होता ना पदवी. त्याला बैल कळत होता आणि पाऊस कळत होता.

गव्हाणीच्या लाकडावरून हात फिरवा. वरचा काठ मध्ये खोलगट झालेला लागेल. गुळगुळीत, तेल लावल्यासारखा. तो रंध्यानं झालेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या माना तिथं घासल्यात. दोन बैलांमध्ये एक उंच असेल तर दोन खळगेही वेगवेगळ्या पातळीवर सापडतात. कोपऱ्यात एखादा खुंटा बुटका असेल, तो वासराचा. हे सगळं लाकूडवाला ‘जुना साग, इतके घनफूट’ म्हणून मोजतो.

आता संकट कसं येतं ते ऐका. ते जेसीबी घेऊन येत नाही, जेसीबी शेवटी येतो. आधी एक कौल सरकतं. माकडानं, मांजरानं, शेजारच्या इमारतीवरून पडलेल्या विटेच्या तुकड्यानं. पाणी आत येतं ते सरळ भिंतीच्या माथ्यावर. वरून भिजलेली मातीची भिंत आतून मऊ होते, बाहेरून काही दिसत नाही. भिंतीत घुसलेलं तुळईचं टोक कुजतं. मग वाळवी. मग एका पावसाळी रात्री, बहुतेक पहाटे, माळा खाली येतो. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधले मातीचे वाडे असेच बसले. पाण्याचा लोंढा ओसरला आणि त्यानंतर भिजलेल्या भिंती पडत राहिल्या. तुमच्या गोठ्याला पानशेतची गरज नाही. त्याला एक सरकलेलं कौल पुरतं.

म्हणून कौल बदला. हे काम लाखांचं नाही. मृगाच्या आधी शाकारणी करणं हे आपल्या आजोबांच्या वर्षाच्या कामांतलं एक काम होतं, जसं बियाणं काढून ठेवणं. कौलं उतरवा, फुटकी बाजूला करा, रिपा कुजल्या असतील तर बदला, कौलं पुन्हा चढवा. मंगळुरी कौलं असतील तर उलटून बघा, पाठीवर कारखान्याचा शिक्का असतो. बासेल मिशननं मंगळूरला 1865 साली असा पहिला कारखाना काढला आणि पुढं ही कौलं दख्खनभर गेली. त्याआधीची नळीची, कुंभारानं हातानं केलेली कौलं अजून कुणाच्या छपरावर असतील तर ती जपून उतरवा. तशी आता सहज मिळत नाहीत. आणि शाकारणी यंदा जमणारच नसेल, तर निदान ताडपत्री टाका. पन्हळ साफ करा. भिंतीच्या पायाशी साचणारं पाणी चर काढून लांब न्या. भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप आज बोटाएवढं आहे, आज काढा.

एक करू नका. सिमेंटचा गिलावा मारू नका. गवंडी सांगेल, “साहेब, एकदा मारून टाकू, कटकट जाईल.” कटकट जात नाही, आत कोंडली जाते. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. तिच्यावर सिमेंट थापलं की ओल बाहेर पडायची वाट बंद. भिंत आतून पोखरते आणि दोन-चार वर्षांनी सिमेंटचा पापुद्रा अख्खा सुटून येतो, सोबत अर्धी भिंत घेऊन. त्याऐवजी पांढरी माती, भुस्सा, शेण, पाणी. चिखल चार दिवस मुरू द्या, तुडवा, मग लिंपा. घरात सत्तरी ओलांडलेली कुणी असेल तर तिला विचारा. तिच्या हातांना हे प्रमाण पाठ आहे. तिनं कितीतरी दिवाळ्या हेच केलंय.

तुम्ही म्हणाल, गुरंच राहिली नाहीत तर गोठा ठेवून करायचं काय? प्रश्न रास्त आहे. ट्रॅक्टर आला, जमीन विकली गेली, बैल गेले. शहरी भागात गुरं पाळायची तर 1976 च्या कायद्यानं परवाना लागतो. गाव शहर झालं की शेजारच्या सोसायटीला शेणाचा वास येऊ लागतो. 1889 पासून चालत आलेले लष्कराचे गोठेसुद्धा 2021 मध्ये बंद झाले, त्यातला एक आपल्या पिंपरीत होता. तेव्हा तुम्ही बैल परत आणा असं मी म्हणणार नाही. पण बैल गेले तशी रोजची झाडलोट गेली, शेणसडा गेला, संध्याकाळची धुरी गेली. त्या धुरीनं वाळवी आणि किडे लांब राहायचे. गोठा रिकामा झाला म्हणून पडतोय, जुना झाला म्हणून नव्हे. वापरा त्याला. गावठाणात मुलांना अभ्यासिका हवी असते, बचत गटाला पापड वाळवायला जागा हवी असते, म्हाताऱ्या माणसांना दुपारी बसायला सावली हवी असते. तीन खणांच्या गोठ्यात यातलं काहीही बसतं. अगदी तुमची जुनी बुलेटसुद्धा. माणूस रोज आत गेला की गळणारं छप्पर दुसऱ्या दिवशी दिसतं.

आणि हे नुसतं तुमच्या घरातलं अडगळीचं लाकूड आहे असं समजू नका. पुणे जिल्ह्यात माणूस धान्य घराशेजारी कसं साठवायचा, याचा माग खूप मागं जातो. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 ते 1983 या काळात उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मंडळी. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत गावच्या प्रमुखाचं पाच खोल्यांचं घर सापडलं आणि त्याला लागून धान्याचं कोठार. जमिनीत खणलेली पेवं, कणग्या ठेवायची बैठक. तुमच्या आजीच्या माजघरातलं बळद आणि परसातलं पेव ही त्याच रांगेतली आहेत. इनामगावचं कोठार मातीखाली गाडलं गेलं म्हणून टिकलं. तुमचं गाडलं जाणार नाही, डंपरमधून जाईल.

बळद आहे का तुमच्याकडे? बऱ्याच जणांना माहीतच नसतं, कारण वरून भिंत दिसते. माजघराची एखादी भिंत वाजवून बघा, पोकळ वाटली तर माळ्यावर जाऊन तिचं तोंड शोधा. धान्य वरून ओतायचं आणि खालच्या भोकातून काढायचं. जुनं धान्य आधी निघतं, नवं वर राहतं. भोकाला चिंधी आणि शेणामातीचा बोळा. आत राख आणि कडुनिंबाचा पाला. तोंडाजवळ गेरूच्या किंवा कोळशाच्या रेघा दिसल्या तर त्या पुसू नका. कुणीतरी पायल्या मोजल्या आहेत. ज्या वर्षी रेघा थोड्या आहेत, त्या वर्षी घरानं काय खाल्लं असेल ते तुम्हाला सांगायला नको. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत.

पेव असेल तर मात्र थांबा. झाकण काढून लगेच आत उतरू नका. मुलांना तर मुळीच जवळ जाऊ देऊ नका. बंद पेवात विषारी वायू साठतो, माणूस उतरता उतरता कोसळतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही कोसळतो. म्हणून जुनी माणसं पेव उघडून कितीतरी वेळ तसंच ठेवायची. तुम्ही उतरायचंच नाही. वरून टॉर्च मारा, दोरीला टेप बांधून खोली मोजा, फोटो काढा आणि भक्कम झाकण घाला. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, देशभर नाव होतं त्यांचं. 2005 च्या महापुरात त्यातली पुष्कळ गेली. पूर ओसरला आणि एक विद्या कायमची बसली.

भिंतींचंही तसंच. माझी विनंती गोठा वाचवायची आहे, त्याखाली कुणी सापडायची नाही. भिंतीला पोट आलं असेल, तुळई लचकली असेल, तर आधी टेकू द्या, माणसं बाहेर काढा, मग बाकीचं. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक बांधकामांना नोटिसा देते. ती आली की दोनच प्रतिक्रिया असतात. एकजण नोटीस कपाटात टाकतो, दुसरा त्याच दिवशी जेसीबीवाल्याला फोन करतो. दोन्ही करू नका. नोटीस वाचा. वर्ग कुठला लिहिलाय ते बघा. सी-1 म्हणजे रिकामं करून पाडण्याजोगं. सी-2 म्हणजे दुरुस्तीनं वाचणारं. सी-3 म्हणजे किरकोळ डागडुजीचं. हा फरक तुमच्या वाड्याच्या जिवाचा आहे. तपासणीला माती, चुना आणि लाकूड कळणारा अभियंता बोलवा. नुसतं आरसीसी कळणाऱ्याला मातीची प्रत्येक भिंत पाडण्यासारखीच वाटते.

कायदा येऊन गोठा वाचवेल, ही आशाही सोडा. वारशाच्या याद्यांमध्ये देवळं असतात, सरदारांचे वाडे असतात, इंग्रजी अमदानीतल्या दगडी इमारती असतात. सुसच्या किंवा पिसोळीच्या तीन खणी गोठ्यासाठी त्या याद्या झालेल्याच नाहीत. पेठांचंही असंच झालं. पेशव्यांच्या खाशा घोड्यांची पागा जिथं होती, तिथं आज मुलींची शाळा आहे. 1884 ची, पुण्याची भूषणावह. हुजूरपागा. शाळा झाली ते उत्तमच झालं, पण पागा कशी होती, घोडे कुठं बांधत, चंदी कुठं ठेवत, हे आज नाव घेणाऱ्या शंभरातल्या एकालाही सांगता येणार नाही. पेशव्यांच्या पागेची ही गत, तर तुमच्या-माझ्या गोठ्याचं कोण लक्षात ठेवणार?

तुम्ही. दुसरं कुणी नाही. आणि याचा पुरावा पुण्यातच आहे. पिंपळे सौदागर आज नुसत्या उंच इमारतींचं आहे. पण शंभर वर्षांपूर्वी तिथं शेती कशी होती, जमिनीचे तुकडे किती बारीक झाले होते, घरांवर कर्ज किती होतं, हे आपल्याला माहीत आहे. का? पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन तिथं गेले, घरोघर विचारलं, मोजलं, आणि 1917 साली पुस्तक छापलं म्हणून. एका गावाची एवढी बारीक पाहणी त्या काळात दुर्मीळ होती. त्याच्याही आधी, 1883 साली, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात कुणब्याचं घर आणि त्याचे बैल आहेत, सगळ्या दारिद्र्यासकट. फुल्यांना ते ऐकून माहीत नव्हतं, त्यांची स्वतःची शेती मांजरीला होती. तीच मांजरी, जी 2021 मध्ये पुण्यात आली. जुना गोठा म्हणजे सगळं गोजिरवाणं होतं असं मला म्हणायचं नाही. धूर होता, डास होते, सावकार दारात होता, आणि शेणं काढणाऱ्या बाईला कधी कुणी विचारलं नाही तिची पाठ दुखते का. तेही नोंदवायचंय. ते नोंदवलं नाही तर उरेल फक्त हॉटेलवाल्यांनी उभा केलेला खोटा गोठा, कंदील लावलेला, थाळी साडेचारशे रुपये.

म्हणून मोजा. पाडायचंच ठरलं असेल तरी मोजा. पाडायचं ठरलं असेल तर नक्कीच मोजा. टेप आणि वही घ्या. प्रत्येक खण मोजा, खांबाची जाडी, तळखड्याची उंची, दाराची रुंदी. मोबाईलनं चारही कोपऱ्यांतून आत तोंड करून फोटो काढा, मग जोडकामाचे जवळून. खांब आणि तुळई जिथं मिळतात तिथं लोखंडी खिळा शोधा. बहुतेक ठिकाणी सापडणार नाही, लाकडातच खोबण आणि कूस असेल. मग आजोबांना किंवा आत्याला तिथं खुर्ची टाकून बसवा आणि फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा. पोळ्याला बैल कुठून बाहेर निघायचे? म्हैस व्याली की पहिलं दूध कुणाला जायचं? कडब्याची गंजी कुठं रचायचे? मळणीचं खळं कुठं होतं, आज तिथं कुणाचं पार्किंग आहे? तुम्ही विचारा, ते थांबायचे नाहीत. हे काम पुढच्या वर्षी करू म्हणू नका. भिंत कदाचित टिकेल. सांगणारं माणूस तेवढं थांबेलच असं नाही.

माळ्यावर, बळदात, गव्हाणीच्या वरच्या फळीवर कागदांचं गाठोडं सापडेल. मोडीतलं असेल, तुम्हाला अक्षर लागणार नाही. रद्दीत देऊ नका, चुलीत घालू नका. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून याच कामासाठी उभं आहे. तिथं जाऊन दाखवा. ग्रामपंचायतीच्या काळातला तुमच्या घराचा नमुना 8 चा उतारा असेल तर शोधून ठेवा. त्यात घराचं आणि कराचं वर्णन असतं, आणि पंचायत गेली तिथं असे जुने कागद मिळवणं दरवर्षी अवघड होत जातं. काढलेल्या फोटोंचा एक संच घरात, एक गावच्या शाळेत ठेवा. वास्तुकलेच्या कॉलेजांमधली मुलं अशी घरं मोजायला शोधत असतात. त्यांना बोलवा, चार दिवस जेवू घाला, नकाशे ती काढून देतील.

लाकूड विकायची घाई करू नका. हे जरा कडवट आहे, पण सांगतो. वाडा उतरवणारा येतो, पुढची कोरीव चौकट बघून मान डोलावतो आणि एक आकडा सांगतो. तो आकडा तुम्हाला मोठा वाटतो, कारण तुम्ही त्याला अडगळ म्हणता. ते लाकूड पॉलिश होऊन कुणाच्या तरी फार्महाऊसच्या दिवाणखान्यात जाईल. विकायचंच असेल तर एक खण तरी अख्खा ठेवा. दोन जोड खांब, त्यांचे तळखडे, वरची तुळई, एक गव्हाण. प्रत्येक तुकड्यावर खडूनं नंबर टाका, मग उतरवा. असं उतरवलेलं परत उभं राहतं. कोथरूडच्या मस्तानीच्या महालाचे अवशेष दिनकर केळकरांनी आणले आणि आपल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले, तुम्ही शाळेच्या सहलीत पाहिले असतील. पण केळकरांसारखा माणूस तुमच्या गोठ्यासाठी येणार नाही. मस्तानीचं दार संग्रहालयात जातं, बैलाची गव्हाण जात नाही. ती तुमच्या नव्या बंगल्याच्या अंगणात, सोसायटीच्या बागेत, गावच्या शाळेच्या पडवीत ठेवावी लागेल. ठेवा.

सगळ्यात अवघड गोष्ट शेवटी आलीच. भाऊबंद. पाच भावांचा वाडा, बावीस नावं मिळकत पत्रिकेवर, त्यातले दोघे बोलत नाहीत, एक अमेरिकेत. छपराला पैसे कोण देणार, या एका प्रश्नावर छप्पर पडतं. पडलेल्या छपराच्या लाकडाचे पैसे वाटायला मात्र बावीसही जण येतात. वाटणीचा वाद यंदा सोडवू नका. तो सुटणारही नाही. फक्त कौलांपुरता खर्च काढा आणि बावीसनं भागा. येणारी रक्कम बघून लाज वाटेल इतकी लहान असेल. जो बोलत नाही त्याच्या बायकोला फोन करा. अमेरिकेतल्याला गव्हाणीचा फोटो पाठवा. तो तिथूनच सगळ्यात आधी पैसे पाठवेल, बघा.

ज्यांचा वाडा नाही, गोठा नाही, ते तुम्हीही यात आहात. तुमची इमारत ज्या सर्व्हे नंबरवर उभी आहे तिथं कुणाचं तरी खळं होतं. तुमच्या खिडकीतून शेजारचं कौलारू छप्पर वरून दिसतं. त्याच्या धन्याला ते कधीच तसं दिसत नाही. भोक दिसलं तर जाऊन सांगा. गॅलरीतून कुंड्या, बाटल्या, दिवाळीतले रॉकेट त्या कौलांवर पडू देऊ नका. बिल्डर असाल तर पुनर्विकासाच्या नकाशात तीन खणांची जागा सोडा. गावठाणात एवढ्यानं तुमचं काही बुडत नाही. नगरसेवक असाल तर प्रभागात असे किती गोठे उभे आहेत त्याची साधी मोजणी करून घ्या, शाळेतली मुलं एका शनिवारात करतील. आणि शिक्षक असाल तर तो शनिवार तुमचा.

आता कामाला लागा. शाकारणी जाणणारी माणसं थोडी उरलीत. मावळ-मुळशीकडे विचारा, तिथं अजून भेटतात. वैशाख सरत आला की ती आपापली घरं शाकारायला निघून जातात आणि मग आषाढापर्यंत कुणाचा फोन उचलत नाहीत. त्याच्या आत त्यांना गाठा, इसार द्या, तारीख पक्की करा. शंभर-दीडशे कौलं जास्तीची आणून भिंतीशी लावून ठेवा. शिडी मात्र आधी नीट तपासा.